हाडांची चाहूल

माझं पहिलं हाड मोडलं ते शिंकेनं. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या वयाकडे बघून हसू आवरतात. मी म्हणते, हसा. मलाही हसू आलं असतं, पण त्या वेळी हसायला श्वास पुरत नव्हता. भरताची वांगी भाजून झाली होती आणि त्याच आचेवर मी मिरच्या टाकल्या होत्या. ओट्यावर वाकले होते, ठसका नाकात गेला, सणसणीत शिंक आली आणि पाठीत कट् झालं. मला वाटलं, उसण भरली. आठवडाभर मी बाम चोळत आणि घरच्यांवर डाफरत काढला. घरचे म्हणजे आमचे हे एकटेच. मुलगा तुषार आणि सून मेघना पुण्याला असतात. शेवटी यांनीच मला रिक्षात घातलं आणि डॉक्टर बेंडाळेंकडे नेलं.

डॉक्टर बेंडाळे म्हणजे मृणाल. माझ्याच शाळेतली, मी तिला सातवीत भूगोल शिकवला आहे, पण आता ती मला काकूच म्हणते. तिनं फोटो पडद्यावर लावला. पाठीच्या मणक्यांची ओळ नीट चालली होती आणि मधलाच एक मणका पुढून चेपला होता.

"काकू, हे फ्रॅक्चर आहे."

"शिंकेनं?"

"शिंक निमित्त झाली. हाडं आतून विरळ झालीत. तुम्हाला आत्तापर्यंत कळलं नाही, कारण विरळ होताना हाड दुखत नाही."

हे खुर्चीच्या कडेवर बसले होते. आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नल विभागात निरीक्षक होते, त्यामुळे अपघात म्हटला की यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?"

"बरोबर विचारलंत काका. बहुतेक लोक हे विचारतच नाहीत," मृणाल म्हणाली. "पहिलं हाड मोडलं की दुसरं मोडायचा धोका पुढची दोन वर्षं सगळ्यात जास्त असतो. आणि नेमक्या त्याच काळात लोकांना बरं वाटतं, औषध सुटतं, तपासणी राहते."

"दुसरं म्हणजे कोणतं?"

"मनगट असेल, आणखी एखादा मणका असेल. मला भीती खुब्याची."

खुबा म्हटल्यावर यांचा चेहरा उतरला. माझ्या सासूबाई मोरीत घसरल्या, खुबा मोडला आणि त्यानंतर त्या बाजेवरून उठल्याच नाहीत. त्यांचं सगळं यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. गेल्या तेव्हा त्या एवढ्याशा उरल्या होत्या.

औषध होतंच, सहा महिन्यांनी एकदा टोचायचं. पण त्या वर्षी एक नवीन यंत्र निघालं होतं आणि मृणालच्या दवाखान्यात ते नुकतंच आलं होतं. त्याचं नाव 'चाहूल'. तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा खुब्याच्या हाडाला चिकटवायचा, एक पाठीच्या मणक्याला. बाहेर कमरेला पातळ पट्टा बांधायचा. बाकी काही नाही.

मृणालनं ते आम्हाला नीट समजावलं. ती लहानपणीही पाठ करून उत्तर देत नसे. "हाड म्हणजे दगड नव्हे, काकू. आपण चालतो, उठतो, ओझं उचलतो, तेव्हा हाड अगदी किंचित वाकतं आणि त्यात बारीक तडे जातात. केसापेक्षाही बारीक. प्रत्येक तडा जाताना आवाज होतो, तो आपल्याला ऐकू येत नाही, पण या दाण्याला येतो. हाडात गाडून घेतलेल्या काही पेशी असतात, त्यांनाही तो वाकलेपणा जाणवतो. त्या हाका मारतात. मग उकरणाऱ्या पेशी येऊन जुनं हाड काढतात आणि भरणाऱ्या पेशी नवं भरतात. म्हातारपणी उकरणारे जोरात असतात आणि भरणारे मागे पडतात. चाहूल तड्यांचे आवाज मोजते आणि पुढच्या पंधरवड्यात मोडण्याचा धोका किती, ते रंगात सांगते. हिरवा, पिवळा, लाल."

रंग म्हटल्यावर हे खुर्चीत सरसावून बसले.

इथं सांगायला हवं की तोवर रुळांच्या कडेचे सिग्नल जवळजवळ संपले होते. रंग आता थेट इंजिनातल्या पडद्यावर उमटतो आणि तो कुठल्याशा लांबच्या शहरातल्या थंडगार खोलीतून येतो. यांनी ज्या खांबांची आयुष्यभर निगा राखली, ते आमच्या भुसावळच्या यार्डातून एकेक करून उतरवले गेले. ते उतरवताना हे पुलावर उभे राहून बघायचे आणि घरी येऊन न बोलता जेवायचे. अशा माणसाला निवृत्तीनंतर पुन्हा तीन रंग मिळाले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशातली गत झाली. यंत्राबरोबर फोनवर एक सोय होती. रुग्णाचा रंग ज्याला दिसतो, त्याला 'सोबती' म्हणायचं. हे त्याच दिवशी माझे सोबती झाले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर.

पहिले दोन-तीन महिने मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू. घरातले सरकणारे गालिचे गेले. मोरीत आणि संडासात धरायला दांड्या बसल्या. पायऱ्यांवर दिवा आला. मी उठायच्या आत चहा समोर. ज्या माणसानं कधी स्वतःचा रुमाल शोधला नाही, तो माणूस कणीक तिंबायला शिकला. माझ्या मैत्रिणी जळायच्या आणि मी त्यांना जळू द्यायची.

मग एक दिवस मी गच्चीवर कुरडया वाळत घालून आले आणि यांचा फोन वाजला. पिवळा.

"जिना बंद," हे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पाण्याची कळशी उचलली, पिवळा. कळशी बंद. मग बाजारातून चालत आले, थोडा वेळ पिवळा. बाजार बंद. हे रेल्वेच्या भाषेत बोलायचे. ज्या पट्ट्यात रूळ कच्चा असेल तिथं गाडी सावकाश न्यायचा लेखी हुकूम काढतात, त्याला कॉशन ऑर्डर म्हणतात. माझ्यावर रोज नवीन कॉशन ऑर्डर निघायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यांनी पाणीसुद्धा फुंकायला घेतलं.

"अहो, मी काय मालगाडी आहे?" मी विचारायची.

"मालगाडी परवडली. तिला तोंड नसतं."

सहाएक महिन्यांत मी कायमची हिरवी झाले. खुर्ची, पलंग, मोरी, पुन्हा खुर्ची. तुषारही सोबती झाला होता, तरी रोज पुण्याहून फोन करून विचारायचा, "आई, आजचा रंग?" हे अभिमानानं सांगायचे, "हिरवा." जेवण झालं का हे विचारणं गावातून उठूनच गेलं होतं. आमच्या कॉलनीत तोवर पुष्कळ बायकांना चाहूल बसली होती आणि गुरुवारच्या भजनात आधी रंगांची हजेरी व्हायची. पिवळी बाई आली की तिला कुणी टाळ वाजवू देत नसे. पलीकडच्या गल्लीतल्या शैलाताई बऱ्हाटे सगळ्यांत पुढे. त्यांच्या मुलानं चौकात चक्क फलक लावला, 'सलग आठ महिने हिरव्या राहिल्याबद्दल मातोश्रींचे हार्दिक अभिनंदन!' फलकावर शैलाताई खुर्चीत बसलेल्या, गळ्यात हार. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटला होता. मी मनात म्हटलं, पुढचा फलक माझा.

फलक उतरायच्या आत शैलाताईंचा खुबा मोडला. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत. दुपारचा चहा आला म्हणून खुर्चीतून उठल्या आणि उठता उठता मोडला. त्यांच्या मुलानं फोन उघडून बघितला तर रंग हिरवा होता. तो त्या भल्या माणसानं सगळ्यांना दाखवला. जणू रंग खरा आहे आणि आईच चुकली आहे.

आमच्याकडे त्याचा परिणाम काय झाला? यांनी मला खुर्चीतून उठायलाही बंदी केली. "हाक मार, मी उठवीन," म्हणाले. मग मी पाणी प्यायलाही हाक मारायला लागले. संध्याकाळी आरशासमोर साडी सावरताना बघितलं, तर माझे पाय सासूबाईंच्या पायांसारखे दिसत होते. ते मी यांना सांगितलं नाही.

वर्षाची तपासणी आली तेव्हा मृणालनं पडद्यावरची नोंद मागेपुढे सरकवून बघितली.

"काकू, दिवसभर काय काय करता?"

"हिरवी राहते," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिनं पडदा आमच्याकडे वळवला. "तुमची हाडं मागच्या वर्षापेक्षा विरळ झाली आहेत. औषध घेऊनसुद्धा. आणि ही चाहूलची नोंद. सुरुवातीचे आठवडे बघा, इथं आवाज आहेत. इथून पुढे कमी. आणि इथून जवळपास काहीच नाही."

"मग चांगलंच ना?" हे म्हणाले. "तडे जाऊ नाही राहिले."

"तडे जात नाहीत, कारण भारच पडत नाही, काका. भार नाही तर आतल्या पेशी हाका मारत नाहीत. आपण टोचतो ते औषध गवंडी पाठवतं म्हणा. पण कुठं बांधायचं ते हाडानं सांगावं लागतं. हाड गप्प आहे. गवंडी येतात आणि परत जातात. उकरणारे मात्र हाक आली नाही तरी उकरतच राहतात."

"मग यंत्र लाल का नाही दाखवत?"

"त्याला आवाजावरून सांगायला शिकवलंय. आवाजच नाही तर त्याच्या लेखी सगळं ठीक. ज्यांच्यावर त्याची चाचणी झाली ती माणसं हिंडतीफिरती होती. रंग हिरवा राहावा म्हणून कुणी खुर्चीत बसून राहील, हे चाचणी घेणाऱ्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही मनात आलं नाही. मी तुम्हाला नुसता रंग दिला आणि घरी पाठवलं, ही माझी चूक. शैलाताईंचं झाल्यावर मी सगळ्यांच्या नोंदी काढून बसले आहे. तुमच्यासारख्या खूप आहेत."

हे हातातल्या फोनवरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होते.

"दिवा विझलेला सिग्नल दिसला तर ड्रायव्हरनं काय समजायचं?" हे अचानक म्हणाले. कुणाला विचारत होते कोण जाणे. "लाल समजायचं. पहिल्याच दिवशी पोरांना हे शिकवायचो मी. दिवा दिसत नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं कधी समजू नका. घरात मात्र..." मला त्यांची इतकी दया आली की मी दुसरीकडे बघितलं.

मग मृणालनं उपाय सांगितला. रोज टाचा उचलून दणकन टेकवायच्या, आधी ओट्याला धरून. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. जिना चढायचा. तोल सांभाळायचे व्यायाम. पुढं हातात थोडं वजन. कमरेतून वाकायचं नाही, पीळ द्यायचा नाही, खालचं काही घ्यायचं तर गुडघ्यात बसून घ्यायचं. शिकवायला तिच्याकडची मुलगी घरी येणार होती. औषध चुकवायचं नाही. "रंग पिवळा होईल. एखाद्या दिवशी लालही होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरला की समजायचं, आतली दुरुस्ती चालू आहे. नाही उतरला तर त्या दिवशी सुट्टी."

"आणि मोडलं तर?" यांनी विचारलं.

"मोडू शकतं. पुढचे काही महिने धोका आहे, ते मी लपवत नाही. पण बसून राहिल्यानं धोका कमी होत नाही, काका. तो फक्त दिसेनासा होतो."

"मी करणार," मी म्हटलं. यांनीही मान डोलावली.

दवाखान्यात मान डोलावणं सोपं असतं. पहिल्या दिवशी मी जिन्याच्या निम्म्या पायऱ्या चढले. पाय लटलट कापत होते, पण छातीत वारं भरल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात खालून फोन वाजला आणि हे धावत आले. "बस. आज बस." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी फोन दोनदा वाजला, लाल होता. सकाळी तो उतरलाही. पण चौथ्या दिवशी जिन्याच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली यांच्या सदऱ्याच्या खिशात.

"किल्ली द्या."

"थोडे दिवस थांब. आधी औषध लागू पडू दे."

"औषध कसं लागू पडतं ते त्या दिवशी डॉक्टरनं सांगितलं. तुमच्यासमोर."

"समजलं गं मला! डोक्याला समजलं. हा वाजतो तेव्हा डोकं कुठं राहतं?" यांनी फोन टेबलावर आपटला. मग खाली बसले. "आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, सिंधू. मी धुवायचो. ती ओरडायची पण नाही, नुसती माझ्याकडे बघायची. तू मोडलीस तर मी काय करू, सांग ना. कुणाकडे जाऊ मी?"

पंचेचाळीस वर्षांत या माणसानं मला असं काही विचारलं नव्हतं. त्या क्षणी मला यांच्याबद्दल इतकी माया वाटली की किल्ली राहू द्यावी, खुर्चीत जाऊन बसावं आणि यांना शांत झोप लागू द्यावी असं वाटलं. दोन पावलं मी खुर्चीकडे गेलेही. पण सासूबाईंचे पाय आठवले. ते पाय आता मला लागले होते.

मी माझा फोन घेतला आणि चाहूलच्या खिडकीत गेले. फोननं विचारलं, सोबती काढायचा आहे का? मी अंगठा टेकवला. यांच्या हातातला फोन एकदा थरथरला आणि हिरवा, पिवळा, लाल सगळं जाऊन तिथं करड्या रंगाचा एक ठिपका राहिला. तुषारचंही नाव काढलं.

"आता तुम्हाला काही दिसणार नाही," मी म्हटलं. "बघवत नाही ना? मग बघू नका. मी बघते."

यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसले.

त्यानंतर आमच्या घरात अबोला झाला. चहा मिळायचा, पण कप असा ठेवायचे की थोडा बशीत सांडायचा. तुषारनं फोनवर मला खूप सुनावलं. बाबांना असं तोडतात का, म्हणाला. मी म्हटलं, तोडलं नाही रे बाबा, एका खिडकीतून बाहेर काढलं. घर तर त्यांचंच आहे. त्याला ते पटलं नाही. मलाही रात्री पटायचं नाही.

पण दिवसा मी करत राहिले. टाचांचा दणका बाहेर झोपाळ्यापर्यंत ऐकू यायचा आणि हे रेडिओ मोठा करायचे. रंग पिवळा व्हायचा, सकाळी उतरायचा. एकदा लाल झाला आणि दोन दिवस उतरला नाही. तेव्हा मी पलंगावर पडून छताकडे बघत होते आणि घटकेघटकेला फोन उघडून रंग तपासत होते. त्या दोन दिवसांत यांना हाक मारावीशी किती वाटली ते माझं मला ठाऊक. मारली नाही. तिसऱ्या दिवशी रंग उतरला. हळूहळू पूर्ण जिना चढायला लागले. मग गच्ची. मग भाजी आणायला बाजारापर्यंत. अबोला मिठावर तुटला. "आमटीत मीठ नाही," एवढं बोलून यांनी तो सोडला. नंतर सगळ्या विषयांवर बोलायला लागले, फक्त रंगाचा विषय आम्ही दोघांनी टाळला.

आषाढात मृणालनं पुन्हा फोटो काढला. घसरण थांबली होती, थोडीशी भरही दिसत होती. "थोडीशीच," ती म्हणाली. "पण दिशा बदलली." मी घरी येऊन यांना सांगितलं. यांनी "हं" केलं आणि त्या दिवशी चहा बशीत सांडला नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घराघरांत नारळाला नथ, डोळे, दागिने लावून देवी मांडतात. सगळी भावकी जमते, रोटांचा नैवेद्य होतो आणि सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन बायका वाजतगाजत नदीवर निघतात, फुगड्या घालतात. आमच्यात घरातल्या थोरल्या सुनेनं देवी डोक्यावर घ्यायची रीत. मागच्या वर्षी मी खुर्चीत होते, तेव्हा देवीचं घरच्या घरी बादलीत विसर्जन केलं होतं. मला ते फार लागलं होतं.

"या वर्षी डोक्यावर मेघना घेईल," मी आधीच जाहीर केलं. मणका चेपलेल्या बाईनं डोक्यावर ओझं घेऊ नये एवढी अक्कल मला आहे. "मी सोबत चालीन."

तुषार आणि मेघना पुण्याहून आले होते. मेघनानं पदर खोचून देवीचा चौरंग डोक्यावर घेतला. पुण्याची मुलगी, पण अशी नाचली की आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "हिला काय बाई अंगात आलं का काय!" डफ वाजत होता. एक-दोघींनी मला फुगडीला ओढलं. मी हात जोडले, पण जागच्या जागी टाचा आपटत ताल धरला. हे माझ्यापासून थोडे लांब, पुरुषांच्या घोळक्यातून चालत होते. लक्ष माझ्या पायांवर. माझा फोन घरी राहिला होता आणि खरं सांगते, मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

तापीच्या काठावर देवी पाण्यात गेली. आमच्यात परतताना नदीतली मूठभर वाळू घ्यायची पद्धत आहे. मी शिकवल्याप्रमाणे कमरेतून न वाकता गुडघ्यात बसले, मूठ भरली, उठले. उठलेही नीट. पण पायाखालच्या दगडाला शेवाळ होतं. पाय सटकला आणि मी एका अंगावर, खुब्यावर आणि हातावर, दणकन आपटले.

डफ थांबला. सगळे धावले. "रंग बघा! कुणीतरी रंग बघा आधी!" तुषार ओरडत होता. त्यानं सवयीनं स्वतःचा फोन काढला, त्यात काहीच नव्हतं. "बाबा, तुमच्याकडे?"

यांच्याकडेही नव्हता. हे चिखलात माझ्याजवळ गुडघे टेकून बसले. वर्ष-दीड वर्षात पहिल्यांदा यांनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "कुठं दुखू राहिलं?"

"हात."

"इथं?" यांनी खुब्यावर हलकेच तळवा ठेवला.

"नाही."

"पाय हलव."

मी हलवला. दोन्ही हलवले. यांनी डोळे मिटले आणि माझ्या पायावर कपाळ टेकलं. सगळ्या भावकीसमोर.

मनगट मोडलं होतं. मृणालनं प्लास्टर घातलं. खुब्याचा फोटो काढला तो दोनदा बघितला. तुषारनं विचारलं, "मागच्या वर्षी अशीच पडली असती तर?"

"पैज नाही लावणार मी," मृणाल म्हणाली. "पण मागच्या वर्षीच्या त्या खुब्यावर हा मार बसला असता तर आज मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. हात सहा आठवड्यांत जुळेल. पाय चालू ठेवा."

घरी आल्यावर मात्र तुषारनं ऐकवायला सुरुवात केली. दुसरं हाड मोडलं म्हणजे मोडलंच ना, आता पुरे झालं, आई, आता बस. मेघनाही म्हणाली, आई, हात जुळेपर्यंत तरी राहू द्या. पडताना मनगटात झालेला कट् आवाज अजून कानात होता, आणि खरं सांगायचं तर मलाही खुर्ची बरी वाटायला लागली होती. दोन दिवस मी तिच्यातून उठले नाही. 'मी सांगत होतो' असं म्हणायचा हक्क यांना होता. ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे खुर्चीसमोर येऊन उभे राहिले.

"ऊठ."

"कुठं?"

"जिना चढायचाय."

तुषार वर्तमानपत्र टाकून उठला. "बाबा, काय करू राहिले तुम्ही? तिच्या हाताला प्लास्टर आहे!"

"हाताला आहे," हे म्हणाले. "पायाला काय झालं?"

यांनी हात पुढे केला नाही. हात न टेकता उठायचं असतं, हे यांना माहीत होतं. मी पाय जवळ घेतले, पुढे झुकले आणि उठले. मग आम्ही जिन्याशी गेलो. हे माझ्या चांगल्या हाताच्या बाजूला उभे राहिले आणि तो हात त्यांनी धरला.

"मला लई भीती वाटू राहिली, सिंधू," हे हळूच म्हणाले.

"मलाही," मी म्हटलं. "चला."